वेचाईचं ॲप एक, भांडणारे दोन. ओपन सोर्समधले तंटे मिटतात कसे?

ताणकाटा

राम राम मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमच्या दारव्हा-दिग्रस भागात कापूस वेचाईचा हिशोब ठेवायचं एक लहान ॲप चालते. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांले उघडा. जीपीएल लायसन्स, म्हणजे कोणीही बदलून वाटावं, पण त्याच लायसन्सवर. गावातल्याच एका पोट्ट्यानं सुरू केलं, त्याले इथं आपण गाववाला म्हणू. काम साधंच, सांजच्याला वावरात ताणकाट्याले गाठोडं लटकवलं की बाईच्या नावासमोर वजन टाकायचं, मधात कोणी उचल नेली असन तर ती टाकायची, आणि बाजाराच्या दिवशी कोणाचा चुकारा किती निघते ते दिसते. नेट लागत नाही, जुन्या फोनवर चालते. माझा कॉम्प्युटर क्लास आहे म्हणून कास्तकारांच्या फोनमध्ये ते टाकून द्यायचं काम माझ्याकडेच येते.

मग पुण्यात नोकरीले असलेला आपल्याच इकडचा एक जण त्यात कोड द्यायला लागला. सुरुवातीले मस्त चाललं. नंतर त्यानं अख्खं ॲप फ्लटर नावाच्या दुसऱ्या साधनात नव्यानं लिहिलं आणि एकच भलामोठा पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझे बदल मूळ कोडात घ्या असा अर्ज, टाकला, फायलींची यादी सरकवता सरकवता अंगठा दुखन एवढा. गाववाल्यानं तो न वाचताच बंद केला आणि खाली लिहिलं, इथं पुण्याची हुशारी चालत नाही. पुणेवाल्यानं उत्तर दिलं की तुझ्या कोडात एक टेस्ट नाही अन् गोष्टी सांगते, आणि फोर्क करून, म्हणजे कोडाची वेगळी प्रत काढून, वेगळ्या नावानं ॲप काढलं. पोळ्यापासून बोलचाल बंद.

आता भोगते कोण ते पाहा. जुन्यात वजन किलोत असते, २३.५ असं. नव्यात ग्रॅममध्ये, २३५००. ते एक वेळ चालून जाते. पण जुन्यात उचल त्याच टेबलात मायनस रक्कम म्हणून असते आणि नव्यात उचलीचं टेबलच वेगळं, त्यामुळे जुनी फाइल नव्यात घेतली की मायनसच्या ओळी गुपचूप गळून जातात, एरर पण येत नाही. एका बाईनं ५०० उचल नेलेली, नवं ॲप म्हणते पूर्ण चुकारा द्या. कास्तकार म्हणे ५०० कापा, बाई म्हणे मोबाइलमध्ये त काही दिसत नाही भाऊ. ऐन बाजाराच्या दिवशी दोघं माझ्या क्लाससमोर उभे, आणि हे दोन हुशार आपापल्या रिपोत, म्हणजे कोड ठेवायच्या जागी, एकमेकांचे इश्यू, म्हणजे तक्रारी, 'अवैध' म्हणून बंद करत बसलेले.

तर इचारायचं हे की मोठ्या प्रोजेक्टांमध्ये असं फाटल्यावर लोक परत एकत्र आले का, आणि आले तर कशानं आले? 'प्रेमानं वागा' सांगू नका, ते गाववाल्याच्या आईनं सांगून पाह्यलं.

फोर्कमारो

काहून एवढं टेन्शन घेता राजेहो. फोर्क करायचा हक्क लायसन्सनंच देल्ला आहे. जो चांगलं बनवन त्याचं चालन, दुसऱ्याचं आपोआप बंद पडन. ओपनऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरचं काय झालं? २८ सप्टेंबर २०१० ले लिब्रेऑफिसवाले वेगळे झाले, आज लिनक्स टाकलं की लिब्रेऑफिसच येते. कोणी कोणाच्या पाया नाही पडलं.

अंबानगरी_काका

फोर्कमारो, उदाहरण बरोबर दिलंत पण अर्धंच सांगितलंत. मालक ओरॅकल कंपनीनं जून २०११ मध्ये ओपनऑफिस अपाची फाउंडेशन या संस्थेला देऊन टाकलं, म्हणजे एकत्र यायची संधी होती, तरी आले नाहीत. आणि त्यात लायसन्सची एक पाचर बसली, ती अशी की अपाची लायसन्सचा कोड लिब्रेऑफिसला घेता येतो, पण लिब्रेऑफिसचा कोड उलटा तिकडे जात नाही. वाट एकाच बाजूनं उघडी. म्हणून ताणकाटा, पहिला प्रश्न, पुणेवाल्यानं लायसन्स बदललं का?

ताणकाटा

नाही, दोन्हीकडे जीपीएलच आहे. पाहून घेतलं मी.

अंबानगरी_काका

मग निम्मं काम झालेलं आहे असं समजा. कोड दोन्ही बाजूंनी नेता येतो.

आता परत एकत्र आल्याची गोष्ट. मी अमरावतीत बरीच वर्षं सर्व्हर सांभाळले, नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायचं साधन, फुटलं तेव्हा आमच्याकडे दोन ॲप्लिकेशनं त्याच्यावर होती म्हणून चांगलं आठवते. नोड.जेएसचा कारभार तेव्हा जॉयन्ट नावाच्या कंपनीच्या हातात होता. आवृत्त्या रखडल्या, ०.१२ येणार येणार म्हणून लोक वाट पाहून थकले, कोड देणाऱ्यांना निर्णयात जागा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये रोज काम करणारी बरीच मंडळी बाहेर पडली आणि आयओ.जेएस काढलं, जानेवारी २०१५ ला त्याची १.० आली सुद्धा. आम्ही म्हटलं झालं, आता दोन नोड. पण सप्टेंबर २०१५ मध्ये नोड ४.० आलं आणि त्यात दोन्ही एक झालेले होते. ०.१२ वरून एकदम ४ कसं? तर मधले १, २, ३ हे आयओ.जेएसनं वापरून टाकले होते. आवृत्तीच्या आकड्यातच भांडण आणि समेट दोन्ही नोंदलेलं आहे.

एकत्र आले कशानं, तर फोर्कवाल्यांनी पहिल्या दिवसापासून कारभार कसा चालेल ते लिहून ठेवलं होतं. तांत्रिक समिती, तिच्या बैठका उघड्या, कार्यवृत्त सगळ्यांना वाचायला, कोड देणाऱ्याला लवकर अधिकार. नंतर फाउंडेशन झालं आणि नवं नोड त्याच पद्धतीवर चालायला लागलं. म्हणजे जॉयन्टनं माघार घेतली की फोर्कवाल्यांनी, हा प्रश्नच उरला नाही, कारण दोघांच्याही वर एक लेखी गोष्ट आली.

जीसीसी या कंपायलरचं, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत नेणाऱ्या साधनाचं, तर याहून जुनं. १९९७ मध्ये ईजीसीएस नावानं फुटले, आणि एप्रिल १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं जुन्याचं काम थांबवून फोर्कलाच अधिकृत जीसीसी करून टाकलं. मूळवाल्यानं म्हटलं, घ्या, तुमचंच खरं, नाव पण घ्या. एवढं काळीज सगळ्यांकडे नसते म्हणा.

फोर्कमारो

गाववाल्याकडे त बिलकुल नाही 😂

पऱ्हाटी

मी यवतमाळला शिकते, या ॲपमध्ये मराठी मजकुराचे दोन-चार पॅच, म्हणजे छोटे बदल, दिलेत. दोघांच्याही भांडणात मी नाही, पण एक बोलायचं होतं. 'पुण्याची हुशारी' ही कमेंट वाचल्यावर माझ्या वर्गातल्या दोन मुलींनी, ज्या पॅच देणार होत्या, त्यांनी दिलेच नाहीत, म्हणाल्या आपल्याला पण असंच बोलतील. त्या दोघी या वादात कुठं मोजल्याच जात नाहीत कारण त्या आल्याच नाहीत ना.

लिनक्सच्या कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, मूळ कर्ता लिनस टोरवाल्ड्स, त्याचं सगळ्यांना माहीत आहे, ईमेलवर लोकांना फाडून खायचा. कर्नलमध्ये २०१५ ला एक छोटं निवेदन टाकलं होतं, त्याचं नावच 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट', अर्थ असा की कोडवर कडक टीका होणारच, तयारीनं या. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनसनं स्वतःच्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि सुटी घेतली, त्याच वेळी आधीचं काढून नीट आचारसंहिता आली. आणि कर्नल थांबलं का? नाही. ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोआ-हार्टमननं ऑक्टोबरमध्ये काढली आणि मग लिनस परत आला. मला यातलं माफीपेक्षा हे जास्त आवडतं की तो नसताना काम सांभाळणारा माणूस तयार होता. आपल्याकडे गाववाला आठ दिवस लग्नात गेला तर ॲपचं कोणी रिलीज काढू शकतं का?

ताणकाटा

नाही. की त्याच्याच लॅपटॉपमध्ये आहे. साइनिंगवाली, नव्या रिलीजवर सही करायची.

पऱ्हाटी

बघा.

रातपाळी

पऱ्हाटीताईशी सहमत पण मेंटेनरच्या, म्हणजे कोड सांभाळणाऱ्याच्या, बाजूनं कोणी बोलतच नाही म्हणून लिहितो. मी वणीकडचा, कोडाची एक लहान लायब्ररी सांभाळतो, नोकरी खाणीवर, कोड रात्री. लोकायले वाटते गाववाला आडमुठा आहे. अरे भाऊ, तो सकाळी वावरात जाते, फवारणी करते, लाइन रात्रीची आली तर पाणी द्यायले उठते, आणि त्याच्या पुढ्यात कोणी एक महिना न इचारता बनवलेलं अख्खं नवीन ॲप आणून टाकते अन् म्हणते मर्ज कर. वाचायले कोण बसन? न वाचता मर्ज केलं अन् हिशोब चुकला त शिव्या त्यालेच.

आणि मेंटेनरवर दबाव टाकला की काय होते त्याचं ताजं उदाहरण एक्सझेडचं, फायली दाबून लहान करायच्या साधनाचं, आहे. एकटा माणूस ते सांभाळत होता, तब्येतीचं पण त्यानं सांगतलं होतं. २०२२ मध्ये अनोळखी खाती त्याच्या मागं लागली, काम हळू आहे, दुसऱ्याले हक्क दे, असे टोमणे. आणि तो दुसरा, जिया टॅन नावाचा, लय मेहनती, लय गोड बोलणारा. त्याले हक्क भेटले आणि २०२४ मध्ये त्यानंच त्यात मागचं दार, म्हणजे लपवलेली चोरवाट, बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका इंजिनिअरले एसएसएच लॉगिन, म्हणजे दुरून दुसऱ्या मशीनमध्ये शिरणं, अर्धा सेकंद उशिरा होते असं दिसलं म्हणून सापडलं, नाही त जगभर पसरलं असतं. म्हणजे भांडणारा वाईट अन् गोड बोलणारा चांगला असं धरून चालू नका. पुणेवाला भांडतो त निदान स्वतःच्या नावानं भांडतो.

धानोऱ्याकडचा

गडचिरोलीवरून. वाचत होतो गुपचूप, पण काकांनी लेखी कारभाराचं काढलं म्हणून लिहितो.

आमच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे, बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळालेलं गाव. तिथं ग्रामसभेत मतदान करत नाहीत, निर्णय सर्वसहमतीनं. बाहेरच्यांना वाटते की सगळे एका सुरात हो म्हणत असतील. तसं नाही. तिथं अभ्यासगट वेगळा असतो, त्यात विषयाचा कीस पाडायचा, वाट्टेल तेवढे प्रश्न विचारायचे, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, पण अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. म्हणजे वाद घालायची जागा निराळी आणि ठरवायची जागा निराळी.

तुमच्या या दोघांनी वाद पण पुल रिक्वेस्टखाली घातला आणि निर्णय पण तिथंच घेतला, बटन एकाच्या हातात. त्याने दाबलं.

फोर्कमारो

दादा पण मेंढ्यातले लोक गाव सोडून कुठं जातील? जंगल एकच आहे. इथं माणूस फोर्क करून निघून जाते. सर्वसहमतीची वाट पाहिली त वेचाई होऊन फरदड संपन.

अंबानगरी_काका

मुद्दा चांगला आहे. इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणारी आयईटीएफ आहे ना, तिथं पण मतदान नाही आणि पूर्ण एकमत पण नाही. ढोबळ सहमती बघतात. खोलीतल्या लोकांना तोंड मिटून गुणगुणायला सांगतात, हे पटणाऱ्यांनी आधी, न पटणाऱ्यांनी नंतर, आणि आवाजाचा अंदाज घेतात. ऐकायला गंमत वाटते. पण नियम असा की बारीक आवाज असला तरी त्याची हरकत काय ते ऐकून तिला उत्तर द्यायचं, हरकत मान्यच केली पाहिजे असं मात्र नाही. गाववाल्याची हरकत काय होती, फ्लटरला की आकाराला की जुन्या फोनला, हे कोणाला माहीत आहे का? मला तरी धाग्यात कुठं दिसलं नाही.

पुणेवाला

लिंक कोणीतरी पाठवली म्हणून आलो. माझ्या पाठीमागे छान चाललंय.

एक, मी आधी इश्यू उघडला होता, फ्लटरमध्ये नेऊ का म्हणून, त्याला एकही उत्तर आलं नाही, दोन आठवडे थांबून मग लिहायला घेतलं. दोन, उचलीच्या ओळी गळतात हे मला आज इथं कळतंय, माझ्या रिपोत कोणी सांगितलं नाही. तीन, मला त्याचं ॲप पळवायचं नाहीये, माझी आई पण त्याच ॲपवर हिशोब ठेवते, राळेगावला. तिला फोनवर अक्षरं दिसत नव्हती म्हणून तर मी सुरू केलं.

रातपाळी

दोन आठवडे कधीचे? पेरणीतले?

पुणेवाला

...जूनचे. हो.

रातपाळी

मंग कोण उत्तर देईन बाप्पा 😂 मृगात माणूस इश्यू वाचन का तिफण धरन

ताणकाटा

आले ते बरं झालं. आता मी माझं म्हणणं मांडतो, तुम्ही सगळे फाडा.

हे धुऱ्यावरच्या भांडणासारखं आहे. दोन कास्तकारांले कितीही समजावा, हात मिळवायले लावा, पुढच्या पाळीले नांगर परत धुऱ्यावरून जाते. मोजणी होऊन खुणा गाडल्या की मग ते एकमेकांचं तोंड न पाहता पण दहा वर्षं सुखानं वाहतात. मले या दोघांची दोस्ती नको. मले खूण पाहिजे. आणि आपली खूण म्हणजे एक्सपोर्टची, ॲपमधून हिशोब बाहेर काढायची फाइल. ॲप दोन राहू द्या, एक राहू द्या, मले घेणंदेणं नाही. पण वजन कसं लिहायचं, उचल कशी लिहायची, तारीख कशी, हे एका तिसऱ्या रिपोत राहीन, त्यात दोघांलेही हक्क आणि पऱ्हाटीले पण. नमुन्याच्या फायली त्यातच, त्या बाईच्या ५०० उचलीसारख्या, नावं बदलून. ज्याचं ॲप त्या फायली बरोबर वाचन नाही त्याचं रिलीज मी कोणाच्याच फोनमध्ये टाकणार नाही. एवढा हक्क मी घेतो, कारण शिव्या मी खातो.

अंबानगरी_काका

उत्तम. यात एक भर. व्हिडिओ-ऑडिओ हाताळायचं एफएफएमपेग नावाचं साधन २०११ मध्ये फुटलं, दुसरं लिबाव्ह झालं. कडवट भांडण होतं, पण एफएफएमपेगचा मायकेल नीडरमायर लिबाव्हमधले बदल सतत आपल्याकडे ओढत राहिला. बोलणं नाही, पण कोड येतोय. २०१५ मध्ये डेबियन नावाचं लिनक्स एफएफएमपेगकडे परत गेलं, आणि त्याच वर्षी नीडरमायरनं प्रमुखपद सोडलं, म्हणाला माझ्या जाण्यानं दोन्ही बाजूंना जवळ यायला सोपं होईल अशी आशा आहे. लिबाव्ह पुढे विझतच गेलं. सांगायचं इतकंच की बोलणं बंद असतानाही पॅच चालू ठेवता येतात. तुमची फाइल तेच करेल.

पऱ्हाटी

मला हक्क दिलेत त्याबद्दल थँक्यू पण तिघांत दोन विरुद्ध एक झालं तर कसं? पायथॉन भाषावाल्यांनी एक नियम केलाय तो मला लय आवडतो. ती भाषा काढणाऱ्या गुइडो व्हॅन रॉसमनं जुलै २०१८ मध्ये पेप ५७२ या बदलाच्या प्रस्तावावरच्या वादाला कंटाळून शेवटचा शब्द आपला असणं सोडून दिलं, मग त्यांनी पाच जणांची समिती निवडायचं ठरवलं आणि त्यात लिहिलं की एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त नकोत. आपण पण लिहू की एकाच ॲपचे दोनपेक्षा जास्त नकोत, आणि एक जण वेचाईचा हिशोब प्रत्यक्ष ठेवणारा पाहिजे. कोड येत नसला तरी चालेल.

फोर्कमारो

वेचणाऱ्या बायांची मुकडदमीण बसवा समितीत. एका दमात सगळ्यांले सरळ करन.

पऱ्हाटी

मस्करी नको, मी खरंच म्हणतेय. ताणकाट्याचा काटा हलत असताना वजन वाचलं तर पाव किलो इकडे-तिकडे होतं, तो कोणाच्या बाजूनं धरायचा हे तिलाच माहीत. तुमच्या दोघांच्या कोडात तो वेगवेगळ्या बाजूला गोल होतो, मी तपासलंय. जुन्यात खाली, नव्यात जवळच्या आकड्याला.

पुणेवाला

खाली कशाला? बाईचं नुकसान होतं ना त्यात.

गाववाला

मी हाय.

खाली यासाठी की ओल्या कापसाचं वजन जास्त भरते अन् कास्तकार मंग वरून अजून कट्टी, म्हणजे वजनातली घट, कापते. ॲपनं आधीच थोडं खाली धरलं त कट्टी नाही कापत, इथं तसं ठरलेलं हाय चार-पाच गावांत. तुले पुण्यातून नाही दिसणार. पण तुझं ते मोठ्या अक्षरांचं पाहिलं मी, आमच्या मायले पण तेच पाहिजे. तेवढंच एक वेगळं काढून पाठव, फ्लटर-बिटर काही नको. वाचतो मी. अमुश्याले वावर बंद असते, त्या दिवशी वाचतो.

पुणेवाला

तुझं ॲप जावा भाषेत आहे, माझी स्क्रीन फ्लटरमध्ये. तशीच उचलून नाही देता येणार, पुन्हा लिहावी लागेल.

गाववाला

मंग लिही. त्या फाइलीचं मले मान्य. ग्रॅममध्ये ठेवा, हरकत नाही, पण गोल करायचं सेटिंग गावानुसार पाहिजे. साइनिंगची की ताणकाटा दादाजवळ एक कॉपी देऊन ठेवतो.

पुणेवाला

गावानुसार सेटिंग म्हणजे फाइलमध्ये पण लिहावं लागेल कोणत्या पद्धतीनं गोल केलंय, नाहीतर दुसरं ॲप परत गोल करेल. मूळ आकडा आणि गोल केलेला आकडा, दोन रकाने ठेवू.

गाववाला

दोन ठेव.

ताणकाटा

तिसरा रिपो उघडला, लिंक दोघांले पाठवली. पहिला इश्यू पऱ्हाटीनं टाकलाच आहे, एकच बाई आठवड्यात दोन कास्तकारांकडे जाते आणि उचल एकाकडून घेते, तेव्हा ती कापायची कोणाच्या चुकाऱ्यातून. यावर मुकडदमीणले इचारून मगच बोला, दोघंही.

फोर्कमारो

म्हणजे बसवलीच तिले समितीत 😂